विमल मावशीचं पालेभाज्यांचं हॉटेल

माझी विमल मावशी गेली आणि तिचं हॉटेल उघडायचं राहूनच गेलं.

आज वर्ष झालं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर अजिंठ्याकडचं, घरात मेंढरं. लहानपण सगळं रानात गेलेलं. कुठला पाला खायचा आणि कुठला नाही, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं.

लग्न होऊन पडेगावला आली. काका कंपनीत. वरची खोली ते युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांना भाड्यानं द्यायचे, जेवणासकट.

तिथंच एकदा सुदानचा इद्रिस राहायला आला.

पोरगा नीट जेवायचाच नाही. "थँक यू आंटी" म्हणायचा आणि निम्मं ताट परत.

शेवटी मावशीनं विचारलंच, "तुझी आई काय रांधती रं घरी?"

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. हिरवीगार, दाट आमटीसारखं काहीतरी. म्हणाला, "मुलुखिया." मग त्या भाजीच्या पानांचा फोटो शोधून दाखवला.

मावशी हसायलाच लागली. "अगं बया, ही तर चुंच! आमच्या बांधाला ढिगानं उगवती. बुळबुळीत व्हती म्हणून कुणी हात लावत नाय."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या शेतातून ओटीभर चुंच घेऊन आली.

तिकडून इद्रिसची आई फोनवर अरबीत सांगतेय. इद्रिस त्याचं मोडकंतोडकं हिंदी करतोय. मावशी "हां, समझा, समझा" म्हणत मटणाच्या रश्श्यात पाला सोडतेय. वरून लसूण आणि धण्याची फोडणी.

पहिला घास घेतला आणि इद्रिस उठून बाहेर गेला.

मावशी घाबरून मला म्हणाली, "बिघडलं का काय गं?"

काही बिघडलं नव्हतं. पोरगा पायरीवर बसून रडत होता.

त्यानंतर मावशीला नादच लागला. यूट्यूब लावायची. भाषा कळायची नाही, म्हणून आवाज बंद करून नुसते हात बघायची.

ग्रीक लोकांची पालक आणि चीज भरलेली थरांची भाजलेली पोळी तिनं चाकवत आणि पनीर घालून केली, तव्यावर झाकण ठेवून. जपानी पद्धतीचा तिळातला पालक केला. आफ्रिकेतली शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी पाहिली तेव्हा म्हणाली, "हे लोक आपले पाव्हणेच दिसतेत!"

एकदा पास्त्यात करडईची भाजी घातली. तो प्रकार साफ फसला. कडू झालेला सगळा पास्ता तिनं एकटीनं खाल्ला आणि आम्हाला चहा-बिस्कीट दिलं.

मग एक दिवस म्हणाली, "मला हॉटेल टाकायचंय."

घराला रोडकडून एक गाळा होता. वेरूळला जाणाऱ्या टुरिस्टच्या गाड्या समोरूनच जातात. देशोदेशीच्या पालेभाज्या, चार टेबलं, बास.

काका हसला. "पाला? पैशे देऊन लोक पाला खातेत व्हय?"

"खातेत. तू बघच."

"बघू. थांब जरा. आपल्या पोरीचं, पूनमचं लग्न होऊ दे."

पूनमचं लग्न झालं. मग पूनमचं बाळंतपण आलं. मग गाळ्याचा पत्रा बदलायचा होता. मग काकाची रिटायरमेंट जवळ आली होती. मग कोरोना.

मावशी थांबत गेली. मधल्या काळात इद्रिस शिकून परत गेला. जाताना तिच्या पाया पडला. म्हणाला, "आंटी, ओपनिंग को आऊंगा."

एकदा त्याचा व्हिडिओ कॉल आला. बाजारात उभा, हातात घोळीच्या भाजीची जुडी. "आंटी, देखो! आपका घोळ! इधर रिजला बोलते!"

त्या दिवशी मावशी आख्ख्या गल्लीला सांगत फिरली, आपली घोळ सुदानात मिळते म्हणून.

शेवटी काका तयार झाला. गाळा रंगवला. कडप्प्याचा ओटा बसवला. टेबलं सांगून आला.

आणि मावशीच्या पायांवर सूज आली.

किडनी.

डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. पोटॅशियम वाढतं, म्हणून पालेभाज्या बंद. फारच वाटलं तर उकळून, पाणी फेकून, चमचाभर.

"पाणी फेकल्यावर ऱ्हायलं काय तिच्यात?" मावशी मला म्हणाली.

तरी ती करायची. पूनम आली की, मी गेले की, काहीतरी हिरवं शिजवून पुढ्यात ठेवायची. स्वतः चव घ्यायची नाही. आमच्या तोंडाकडं बघायची. "मीठ बरं हाय का? आंबट लई झालं का?"

आम्ही सगळ्यालाच छान म्हणायचो. तिला ते कळायचं.

एकदा हॉस्पिटलमध्ये मशीन चालू असताना मी विचारलं, "मावशी, हॉटेलचं एवढं का गं मनावर घेतलंस?"

तिनं मोकळ्या हातानं चादर सारखी केली.

मग म्हणाली, "घरचे खातेत ते ताटात पडलं म्हणून. कुणीतरी अनोळखी मानसानं पाटी वाचून आत यावं, आन् म्हणावं, विमलबाईंच्या हातचं द्या. एवढंच व्हतं."

ती गेली तेव्हा इद्रिसला मेसेज केला. त्यांच्याकडं लढाई सुरू होती, घरदार सोडून ते कैरोला गेले होते. उत्तर फार उशिरा आलं. नुसता व्हॉइस मेसेज. त्यात तो बोलत नाही, त्याची आई बोलते. मला एक शब्द कळला नाही. पण मध्ये दोनदा "विमल" ऐकू आलं.

गाळ्यात आता मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे.

काल काकाकडं गेले होते. टीव्ही चालू होता, काका बघत नव्हता. एकदम म्हणाला,

"मी तिला नाय असं कधीच म्हणलो नव्हतो गं. नुसतं थांब म्हणायचो."

मग टीव्ही बंद करून म्हणाला,

"नाय म्हणलो असतो, तर भांडून हॉटेल टाकलं असतं तिनं."

मावशी, तुझ्या आठवणीला नमस्कार. तुला निरोप देणं अजून जमत नाही.