स्वतःचा विषय शेवटी

ब्रॅकनहिलच्या सभागृहाला एकूण अकरा किल्ल्या होत्या आणि त्या अकराही गेली बावीस वर्षे एव्हरिल पिकरिंगच्या स्वयंपाकघरात, फडताळाशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या असत. नॉटिंगहॅमच्या या उपनगरातली बँक बंद झाली, टपालकचेरी औषधांच्या दुकानातल्या एका खिडकीपुरती उरली, वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडू लागले. तसतसा सभागृहावरचा भार वाढत गेला. तान्ह्या मुलांच्या आयांचे मंडळ, म्हाताऱ्यांचा खुर्चीत बसून करायचा व्यायाम, रक्तदान, ज्युदो, मतदान, सारे तिथेच. आणि ते उघडायचे एव्हरिलने. ती रहिवासी संघाची चिटणीस होती. म्हणजे कागदोपत्री चिटणीस. एरवी, जे कोणीच करणार नाही ते करणारी.

एकाहत्तराव्या वर्षी तिचा खुबा जवळजवळ निकामी झाला. मे महिन्यात शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तिने मनाशी पक्के केले, की मार्चच्या वार्षिक सभेत किल्ल्या खाली ठेवायच्या. राग कोणावरच नव्हता. सकाळी सहाला फोन वाजू नये, एवढेच तिला हवे होते. तिने चार ओळींचा राजीनामा लिहिला. त्यात दोनदा क्षमा मागितली होती.

सभेची विषयपत्रिका नेहमीप्रमाणे तिनेच तयार केली. आपला विषय इतरांच्या आधी घालणे म्हणजे तिच्या लेखी रांगेत घुसणे होते. म्हणून बागेचे कुंपण, बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, पदाधिकाऱ्यांची निवड हे सारे झाल्यावर, अगदी तळाशी, ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली तिने आपले पत्र ठेवले.

सभेला तीस खुर्च्या मांडल्या होत्या. माणसे नऊ आली. कुंपणावर पाऊण तास गेला. निवडीचा विषय आला तेव्हा चहाचे पाणी उकळू लागले होते, आणि निवड झाली की चहा ही तिथली रीत. म्हणून एव्हरिल उठून सभागृहाच्या स्वयंपाकघरात गेली.

“कोणाला चिटणीस व्हायचंय?” अध्यक्ष डेस्मंड लॉकने विचारले. तो निवृत्त बसचालक होता, आणि सभाही वेळापत्रकाप्रमाणे चालवी.

सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. ब्रॅकनहिलमध्ये अशा वेळी मान वर करणारा माणूस निवडून येतो.

“एव्हरिलच राहू दे की,” तिची शेजारीण नोरीन म्हणाली. “आत आहे ना ती?”

“चहा करतेय.”

“मग झालं. हरकत असती तर बाहेर आली असती.”

हात वर झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एव्हरिलला ते सारे दिसत होते. हातात दुधाचे भांडे होते. पण दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, हे तिच्या अंगात इतके मुरलेले होते, की ती डेस्मंडचे वाक्य संपण्याची वाट पाहत राहिली. वाक्य संपले तेव्हा ठरावही संपला होता.

“अभिनंदन, बाईसाहेब,” ती तबक घेऊन आली तसा डेस्मंड म्हणाला. “एकमतानं. पळून जायचा बेत होता की काय?”

लोक हसले.

“साखर कोणाला हवीय?” एव्हरिल म्हणाली.

आठला दहा मिनिटे असताना तिने पत्र वाचले. दाराबाहेर ज्युदोची मंडळी खोळंबली होती.

“अगं, मग आधी नाही का सांगायचं?” नोरीनने विचारले.

“विषय शेवटी होता.”

“शेवटी लिहिला कोणी?”

“मीच.”

डेस्मंडने चष्मा काढला. “आता ठराव तर झालाय. तो उकरायचा म्हणजे पुन्हा सभा बोलवायची, पुन्हा सगळ्यांना पत्रं. आणि पत्रं कोण पाठवणार?”

एव्हरिलने पत्राची घडी घातली.

“पुढच्या वर्षी अगदी पहिल्यांदा घेऊ. पण खुब्याला जप हं.”

“मे महिन्यात ऑपरेशन आहे.”

“मग झालं. जूनमध्ये ठणठणीत होशील.”

“दोन आठवडे किल्ल्या मी ठेवीन,” नोरीन म्हणाली. “दोनच हं. सभागृहाचा तो बॉयलर लाथ मारल्याशिवाय पेटत नाही, आणि ते माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

नऊ कप विसळून एव्हरिलने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती इतिवृत्त लिहायला बसली. ‘चिटणिसांचे पत्र वाचण्यात आले. पुढील वर्षी विचार व्हावा.’ मग तिने एक कोरा कागद घेतला आणि पुढच्या वर्षीची विषयपत्रिका लिहायला सुरुवात केली. विषय पहिला: चिटणिसांचा राजीनामा. ती थोडा वेळ त्याकडे पाहत राहिली. मागचे इतिवृत्त मंजूर झाल्याखेरीज दुसरा कोणताही विषय घेता येत नाही, हा नियम होता, आणि तो तिनेच टंकून भिंतीवर लावला होता. तिने ‘पहिला’ खोडून ‘दुसरा’ केले.

तेवढ्यात फोन वाजला. सहा वाजले होते. त्या ओळीखाली तिने पट्टी धरून एक जाड रेघ ओढली, पेनाला टोपण लावले, आणि मग फोन घेतला.

“हो,” ती म्हणाली. “बॉयलरला डाव्या बाजूनं लाथ मारावी लागते. किल्ल्या घेऊन आलेच मी.”