जिजीच्या घरघंटीचा कागद

ताईबाई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. दोंडाईच्यात तिला सगळे जिजी म्हणतात, मीही. आई सतत आजारी असायची, म्हणून चौथी ते दहावी मी जिजीच्याच हातचं खाल्लं, आणि तिच्याच हातचा मारही. अशा बाईला मी फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको.

मी धुळ्याला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विक्रीला आहे. तिथे वस्तू विकून कोणी शाबासकी देत नाही. मालकाचा डोळा असतो वाढीव वॉरंटीवर. पहिलं वर्ष कंपनीचं असतंच, पुढच्या चार वर्षांचा कागद आम्ही गोड बोलून गळ्यात मारतो. तीन वर्षांपूर्वी महिनाअखेरीला माझे असे कागद कमी पडत होते आणि नेमकी तेव्हाच जिजी घरघंटी घ्यायला आली. खांदा निकामी झाल्यामुळे तिला जातं ओढवत नव्हतं.

"यामा काय काय शे रे, योगेंद्र?" तिने कागद उलटासुलटा करून विचारलं.

"बठ्ठं शे, जिजी." सगळं आहे, असं ठोकून दिलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली. मागची बारीक अक्षरं तिने वाचली नाहीत. सहा वर्षं हेच विकतोय, पण मीही ती कधी वाचली नव्हती.

घरघंटी जिजीने लेकीसारखी सांभाळली. दर दसऱ्याला ओल्या फडक्याने पुसायची आणि हळदकुंकू वाहायची, तेही मागे चिकटवलेल्या नंबराच्या पट्टीवर. तिचं म्हणणं, मशीनचं नाव तिथे लिहिलंय, मग कुंकू दुसरीकडे कशाला लावायचं?

यंदा श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आठवडाभर आधी, मोटर बंद पडली. कानबाईला आमच्या घरी प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि त्याच पिठाचे नैवेद्याचे रोट होतात. हे पीठ घरातच दळायचं. गिरणी चालत नाही, शेजारणीची घरघंटीही चालत नाही. कानबाईच्या रविवारी रोट झाले नाहीत असं जिजीच्या संसारात एकदाही घडलेलं नव्हतं.

फोनवर ती अगदी निवांत होती. "तुना कागद शे ना, मंग काय?"

दुरुस्तीवाला गेला, त्याने मागची पट्टी पाहिली. तीन दसऱ्यांचं कुंकू आणि ओलं फडकं यांनी नंबर साफ पुसला गेला होता. त्याने पांढऱ्या पट्टीचा फोटो काढला आणि तक्रार बंद केली. मी चार दिवस फोनवर भांडलो. बिलावर नंबर आहे म्हणालो. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, यंत्रावरचा नंबर दिसला पाहिजे. मागे अकरावा नियम वाचा." वाचला. तिचा तो गोड आवाज माझाच आहे असं वाटलं.

दुकानात पंधरा ऑगस्टच्या सेलची झुंबड होती. याच सेलपायी तीन वर्षं मी कानबाईला गेलो नव्हतो. शनिवारी मालकाला काहीबाही सांगून निघालो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो, सगळी खोटी वाटत होती.

घरात शिरलो तर जिजीने जातं धुऊन मांडलं होतं. बाजूला गव्हाचं सूप.

"जिजी, त्या कागदाचा काही उपयोग नाही," मी उभ्यानेच म्हणालो. "त्यात सगळं नव्हतंच. माझा महिना भरत नव्हता, म्हणून तुला दिला."

"माले माहीत व्हतं. तुनं तोंड देखीसन सही करी दिधी. बस, खुंटा धर."

मी जात्याचा खुंटा धरला. ती एका हाताने जात्यात गव्हाची वैरण घालू लागली, प्रत्येक मुठीला एक नाव घेत. तिसरं नाव माझं होतं. मी न आलेल्या तिन्ही वर्षांतही ती मूठ निघाली होती, हे मला तेव्हा तिच्या बोलण्यातून कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

आता दुकानात कोणी वॉरंटीचं विचारलं, तर मी आधी कागद उलटा करून मागची बाजू वाचायला देतो. दहातले आठ जण नको म्हणतात आणि मालक माझ्यावर नाराज असतो. असू दे.

त्या दिवशी मात्र मी जिजीला पुन्हा पुन्हा तेच म्हणत होतो, की तुझे पैसे वाया गेले, कागद वाया गेला. शेवटी ती वैतागली. वैरणीचा हात थांबवून म्हणाली,

"मशीन बिघडनी का तूच येशी, आसं वाटनं माले, म्हनीसन लिधा तो कागद. तीन साल व्हयनात, मेली बिघडनीच नही. आते घर उना ना तू? मंग वाया कसा गया?"