पंचवीस माणसं आणि अख्खी भावकी

कोरोनाच्या काळातले आमच्या आळीतले किस्से इतके साठलेत, की शेजारीण मीठ मागायला आली तरी मिठाबरोबर दोन घेऊन जाते! त्यातून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आप्पांच्या अंगणाला लागून. मुद्दाम ऐकत नाही हो मी. पण कानाला झाकण कुठून आणायचं?

बहुतेक किश्शांत आमच्या डाळज गावची तीन पोरं असतातच. माझी मयूरी, बारामतीचं कॉलेज बंद पडलं म्हणून घरी बसलेली. आयटीआयवाला अक्षय. आणि आप्पांची कोमल, नुकतीच बारावी दिलेली. तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणी आमच्या शेळीलासुद्धा पट्ट्या बांधायची!

*

लॉकडाऊन लागला तेव्हा रेशन दुकानासमोर या तिघांनी पांढऱ्या फक्कीनं गोल आखले. एका गोलात एक माणूस. "अंतर ठेवा, अंतर ठेवा" म्हणून पोरांचे घसे बसले.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, प्रत्येक गोलात एकेक चप्पल, एकदम शिस्तीत! आणि चपलांचे मालक लिंबाखाली मांडीला मांडी लावून तंबाखू मळतायत.

अक्षय म्हणाला, "बसा बसा. उद्या कोरोना झाला की दवाखान्यात बी चप्पलच ॲडमिट करू!"

लिंबाखालचे सगळे उठले. अनवाणीच!

*

मे महिन्यात आप्पांकडे तात्या आले. सोयरिकी जुळवण्यात तात्यांचा हात भिगवणपासून इंदापूरपर्यंत कुणी धरणार नाही. मास्क हनुवटीला, आवाज खिडकीतून थेट माझ्या तव्यावर.

"आप्पा, असा योग पुन्हा न्हाय! सरकारच म्हणतंय पन्नास माणसांत लगीन उरका. तुमची पंचवीस, त्यांची पंचवीस. मांडव न्हाय, वाजंत्री न्हाय. पोराची पाच एकर बागायत हाय."

"पण तात्या, कोमलला अठराला चार म्हयनं कमी हायती."

"लॉकडाऊनमधी कोण मोजतंय?"

आप्पा गप्प बसले. आमच्याकडं गप्प बसलं की होकारच धरतात! तारीखसुद्धा ठरली.

संध्याकाळी कोमल भांडी घासत होती. एकच पातेलं इतका वेळ घासलं, की मला राहवेना. कुंपणावरून विचारलं, "काय गं?"

"काकी, नर्सिंगचा फॉर्म निघणार हाय. आप्पा म्हणत्यात, आता सासरी जाऊनच भर."

मी घरात येऊन मयूरीला सांगितलं. ती तडक फोनच करायला निघाली, अल्पवयीन मुलींसाठी नंबर असतो तिथं. मग थांबली. म्हणाली, "फोन तर करायचाच वेळ आली तर. पण पोलीस दारात आले तर आप्पा कोमलशी जन्मात बोलायचे न्हाईत. आधी एक वेगळं करून बघते."

*

आता सांगते, पोरांनी काय केलं. काहीच केलं नाही! फक्त यादी लिहून दिली.

अक्षय वही घेऊन गेला. "आप्पा, माझं अक्षर चांगलं हाय. पंचवीस नावं सांगा फक्त."

आप्पा खाटेवर ऐसपैस बसले. घरचे सात. मामाकडचे पाच. दोन आत्या आणि त्यांचे मालक, चार. भटजी, फोटोवाला. झाले अठरा! राहिल्या सात जागा, आणि आप्पांची भावकी चाळीस घरांची.

आप्पांनी एक नाव सांगावं, पुसावं, दुसरं सांगावं. तीन दिवस हाच उद्योग. शेवटी कशीबशी पंचवीस भरली.

"फायनल ना आप्पा?" अक्षयनं विचारलं.

"फायनल!"

आणि त्या फायनल यादीचा फोटो मयूरीनं भावकीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "फक्त यांनीच यावं, शासनाचा नियम आहे."

चहा उकळायच्या आत आप्पांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना.

"आप्पा, तुझ्या आईला खांदा द्यायला आमी चाललो, आन् लग्नाला न्हाय चालत व्हय?"

"सख्खा चुलता भायेर आन् फोटोवाला आत?"

भावकीतले थोरले आबा तर काठी टेकत दारातच आले. "आमचं नाव न्हाय ना? बरं हाय. आमच्या दारात बी येऊ नगंस!"

त्यांच्यामागून तात्या आले. लालबुंद! "आप्पा, मी सोयरीक जुळवली. माझं नाव कुठंय?"

आप्पांनी यादी वर-खाली बघितली. तात्यांचं नाव नव्हतंच!

"तात्या, पंचवीसच बसत्यात वो," अक्षय हळूच म्हणाला.

आप्पांनी वही जमिनीवर आपटली. "लगीन कॅन्सल! हुईल तवा अख्ख्या भावकीत हुईल, न्हायतर न्हाय!"

पोराकडचे थांबायला तयार नव्हते. त्यांनी दुसरीकडं बघितलं. त्या रात्री आमच्या घरी मयूरीनं पुरणपोळी मागितली. सण नसताना!

*

पण फॉर्मवर आप्पांची सही अजून बाकी होती. तेवढ्यात आप्पांनाच ताप भरला. "उसाचं पाचट नाकात गेलंय" म्हणून गोधडी घेऊन पडून राहिले.

पोरांनी वर्गणी काढून ऑक्सिमीटर आणला होता. कोमलनं तो आप्पांच्या बोटाला लावला. आकडा आला शहाऐंशी.

आप्पा खूश! "शंभरात शहाऐंशी? फस्क्लास की गं!"

"आप्पा, हितं पंच्याण्णवच्या खाली नापास!" म्हणत कोमलनं अक्षयला हाक मारली. त्यानं पिकअप काढला. कोमल मागं आप्पांना पालथं झोपवून, पाठीवर हात ठेवून बारामतीपर्यंत बसली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पंधरा दिवसांनी आप्पा घरी आले. अंगणात पाय ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "तो फॉर्म आण. सही कुठं करायची?"

*

पुढं लस आली. गावात कुणी दंड पुढं करेना. शाळेत कॅम्प लागला, सिस्टरबाईंच्या हाताखाली शिकाऊ पोरी आल्या. त्यात पांढऱ्या ड्रेसमधली कोमल! आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी खुर्चीत. "पहिला दंड माझा!" ते बघून भावकी रांगेत लागली. आबासुद्धा!

सगळ्यात शेवटी तात्या आले. आत डोकावून बघितलं, दुसरं टेबल आहे का. होतं, पण बायकांचं. बसावं लागलं कोमलसमोर. बाही वर केली, डोळे घट्ट मिटले.

"पोरी, मागचं काय मनात धरू नगंस हां."

कोमलनं कापसानं दंड पुसला.

"न्हाय धरलं, तात्या. तुमी बी दंड सैल सोडा. धरून ठेवलं की दुखतं."