खालच्या चौकोनातला शिक्का

टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या आमच्या इमारतीत साठ घरं आहेत. त्यातली अकरा आपल्या लोकांनी विकत घेतलेली, आणि त्या अकरा घरांतली जपानी जाणणारी म्हणजे मी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करते आणि जपानीची दुसऱ्या पातळीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालेय, एवढंच माझं भांडवल. तरी कचऱ्याच्या वेळापत्रकापासून शाळेच्या चिठ्ठीपर्यंत कशाचाही फोटो माझ्याच फोनवर यायचा. वरवर कुरकुर करायचे, पण मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी घरमालकांच्या संघाने इमारतीच्या नियमावलीत चार बदल सुचवले. बावीस पानांचा लिफाफा आला. सायकली, कुत्री-मांजरी आणि पार्सलची कपाटं यांबद्दलची कलमं कशीबशी उलगडली. तिसरं मात्र तीनदा वाचलं. पर्यटकांना घर भाड्याने देऊ नये, इथवर ठीक होतं. त्याच वाक्याच्या शेपटाला बाहेरच्यांना नियमित जमवून घरात शिकवणी घेऊ नये, असंही जोडलं होतं.

आमच्या इमारतीत तसं करणारं एकच घर होतं. चौथ्या मजल्यावरच्या ताई दर रविवारी मुलांना मराठी शिकवायच्या. आमच्या आणि आसपासच्या इमारतींतली नऊ मुलं यायची. ताई मराठीत विचारायच्या, मुलं जपानीत उत्तर द्यायची, आणि ताई न चिडता मराठी उत्तर येईपर्यंत थांबायच्या. माझी मुलगी माझ्या आईशी फोनवर दोन वाक्यं धड बोलते ती त्यांच्यामुळे. सांगलीच्या शाळेतली नोकरी सोडून त्या यजमानांबरोबर इथे आल्या होत्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "रविवार आहे म्हणून बाकीचे सहा दिवस निभतात गं."

मी सगळ्यांना घरी बोलावलं. चहा केला, कलमं वाचून दाखवली. नियमावली बदलायला साठातल्या पंचेचाळीस घरांचा होकार लागतो, तेव्हा आपण ठाम नकार दिला तर तिसरं कलम पडेल, असा माझा हिशेब. खालच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "कागद दिलाच नाही तर?"

"असं कसं काका? आधीच म्हणतात, हे लोक कशात भाग घेत नाहीत. सगळ्यांनी द्यायचाच."

सभेच्या दिवशीच शाळेत क्रीडादिन होता. सभेला मी एकटी जाणार, बाकीच्या दहा जणांनी कागद भरून पाठवायचे, असं ठरलं. त्या कागदाच्या वरच्या भागात प्रत्येक कलमापुढे मत लिहायचं होतं. खाली एक वेगळा चौकोन होता. तिथे एका नावासाठी रिकामी जागा आणि शेजारी, इथे सहीऐवजी मारतात त्या आपल्या नावाच्या शिक्क्यासाठी गोल. कुणीतरी विचारलं, "इथे काय करायचं?"

मला नीट कळलं नव्हतं. नाही कळलं, असं मी म्हणायला हवं होतं. पण व्हिसाच्या कचेरीतून एका रिकाम्या गोलापायी कागद परत आलेली आम्ही माणसं. मी म्हटलं, "नाव राहू द्या, शिक्का मात्र मारा. राहिला म्हणून नाकारायला नको." दहाही जणांनी शिक्के मारले. ताईंनी तर दोनदा फुंकर घालून वाळवला.

सभेत तिसऱ्या कलमाला अठ्ठेचाळीस होकार पडले. मी आकडा वहीत लिहिला आणि बघतच राहिले. आमचे अकरा नकार वजा केले तर उरतात एकोणपन्नास, म्हणजे आमच्याखेरीज जवळजवळ कुणीच नको म्हटलं नाही? नकारच देणार असं मला लिफ्टमध्ये सांगणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या जपानी बाईंनीसुद्धा? सभागृहात तर निदान डझनभर हात विरोधात वर झालेले मी पाहिले होते.

संपल्यावर संघाचे अध्यक्ष माझ्यापुढे येऊन कमरेतून वाकले. सत्तरीचे गृहस्थ, रोज सकाळी फाटकापाशी स्वतः झाडू मारतात. म्हणाले, "ओकुसान," म्हणजे बाईसाहेब, "तुमच्यामुळे पहिल्यांदाच सगळ्यांचे कागद आले. माझ्यावर विश्वास टाकलात, आभारी आहे."

सवयीने मीही वाकले. मग विचारलं, कसला विश्वास?

त्यांनी कागद काढून दाखवला. खालचा चौकोन म्हणजे आपलं मत दुसऱ्याच्या हाती सोपवणं. नाव रिकामं ठेवलं की ते मत अध्यक्षांचं. आणि वरचं, खालचं दोन्ही भरलं तर खालचंच धरायचं, हे तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं. वरचे नकार त्यांनी पाहिले होते. पण शिक्का आहे म्हणजे शेवटी तुम्हीच ठरवा असं म्हणताय, असं त्यांना वाटलं. दहा मतं, दहाही होकारात गेली. ती आली नसती तर कलम पडलं असतं. काकांचं ऐकून सगळे गप्प बसले असते, तरी पडलं असतं.

कुणावर चिडायचं तेच मला कळेना. म्हाताऱ्यांवर चिडावं, तर ते अजून प्रेमाने हसत होते. मतं बदलता येतील का, असं विचारलं. निकाल नोंदला गेलाय म्हणून त्यांनी पुन्हा मान झुकवली, या वेळी माफीसाठी.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावर गेले. ताई दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी पुठ्ठ्याची अक्षरं कापत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बारीक अक्षरांसकट. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"म्हणजे माझा कागदही होकारातच गेला?"

"हो."

मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला तो चौकोन कळला नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्या चौकोनाबद्दलचं माझं पहिलं खरं उत्तर होतं ते.

"मग विचारायचं गं," ताई म्हणाल्या, अगदी वर्गात म्हणतात तशा, आणि उरलेलं ज्ञ हे अक्षर कापून पुरं केलं.