डॉक्टरकडे जायची गोळी

शहरातल्या माणसांना गॅसवरच्या जेवणात चव लागत नाही, हा शोध आमच्या थोरल्या भाऊजींना लागला तेव्हा नागावात घरोघरी पाहुणे उतरायला लागले होते. आमच्याही वाडीत चार खोल्या निघाल्या आणि मागच्या पडवीत चूल परत पेटली. पेटली भाऊजींच्या डोक्यानं, फुंकली मात्र माझ्या थोरल्या जावेनं. जळण घरचंच, नारळाच्या झावळ्या नि सोडणं. पाहुणे यायचे, दारातून चुलीचा फोटो काढायचे, "किती ऑथेंटिक!" म्हणायचे आणि डोळे चोळत समुद्राकडे पळायचे. त्या ऑथेंटिक धुरात दोन मिनिटं बसायला एकजण थांबला असेल तर शपथ.

वर्षं गेली तसा जावेला आधी खोकला लागला, मग दम. भाकरी थापता थापता हात थांबायचे, डोकं खाली घालून ती नुसती श्वास ओढत बसायची. विचारलं की, "कायपण न्हाय." भाऊजींचं निदान तयार असायचं, "हवा बदलली की होतं असं." बारा महिने बदलणारी हवा आमच्याच पडवीत कशी येत होती, देव जाणे. शेवटी मीच हट्टाला पेटले आणि दोघांना अलिबागला छातीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि विचारलं, "विडी ओढता का?"

"अगं बाई! मी कशाला ओढू?" जाऊ पदर सावरत म्हणाली. भाऊजी तर खुर्चीवरून उठलेच. आमच्या घरात कुणाला सुपारीचंही व्यसन नाही म्हणाले. खरंच आहे. चुलीला व्यसन कोण म्हणतं?

धुरानं श्वासनळ्या कायमच्या आकसल्यात, पंप घ्यावा लागेल, डॉक्टर म्हणाले. कुठला पंप ते मात्र रक्त बघून ठरवायचं. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात. त्या बऱ्यापैकी असल्या तर स्टेरॉईडवाला पंप चांगला लागू पडतो. कमी असल्या तर फायदा थोडा आणि न्यूमोनियाची भीती वर. मला हे फार पटलं. बाईला विचारावं तर "कायपण न्हाय", नवऱ्याला विचारावं तर "हवा". निदान रक्त तरी खरं बोलेल म्हटलं.

रिपोर्ट आला. पेशी औषधालासुद्धा नाहीत! मग स्टेरॉईड नसलेला पंप मिळाला. तो ती इमानदारीत घ्यायची, दम मात्र वाढतच चालला. दिवाळीच्या सुट्टीत घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ही चुलीपुढून उठेचना. ओठ निळे पडलेले. मी तिला रिक्षात घालत होते, तेवढ्यात वरच्या खोलीतल्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, "मग आज सुरमई नाही का मिळणार?" भाऊजी म्हणाले, "मिळणार, मिळणार." माझ्या तोंडावर आलेली शिवी मी कशी गिळली ते माझं मला माहीत.

इंजेक्शनं, ऑक्सिजन, सगळं झालं. ती घरी आली आणि महिन्याभरानं परत तपासायला जायचं ठरलं. त्या दिवशी निघायच्या आधी मी पडवीत गेले, तर जाऊ चहाबरोबर पांढरी गोळी गिळत होती.

"हे काय घेताय, ताई?"

"नाक्यावरच्या मेडिकलवाल्याची. दमाची. दोनचार दिस आधीपासून घेतली का माणूस कसा ताजातवाना व्हतो."

"कशाच्या आधीपासून?"

"लगीन असलं, हळदीकुंकू असलं, डॉक्टर असला तं." मग मलाच समजावत म्हणाली, "अगं, त्या परक्या पुरुषासमोर कुत्र्यावानी धापा टाकीत बसू? तो काय म्हनंल, घरची मानसं हिला बघत न्हाय? तुझ्या भाऊजींची लाज जायाची."

कपाळ माझं! जी लाज त्या माणसाला कधी शिवली नाही, ती राखायला ही बया दरवेळी इस्त्री करून डॉक्टरकडे जात होती.

मी गोळ्यांची पट्टी उचलली आणि डॉक्टरच्या टेबलावर आपटली. त्यांनी नाव वाचलं आणि चष्माच काढून ठेवला. स्टेरॉईडच होतं. या गोळीनं त्या पेशी रक्तातून नाहीशा होतात म्हणाले. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसं. आता गोळी बंद, ते म्हणाले, त्रास झाला तर थेट माझ्याकडे यायचं, आणि पुढच्या वेळी आहात तशा या.

आहे तसं जाणं तिला किती जड गेलं! दवाखान्याच्या बाकावर ती तोंडाला पदर लावून बसली होती, छाती भात्यासारखी हलत होती. समोरच्या बायका टक लावून बघत होत्या आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी तिचा हात घट्ट धरला. मला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

यावेळी पेशी भरपूर निघाल्या. पंप बदलला. आणि खरं सांगते, महिन्या-दीड महिन्यात बाई रात्री आडवी होऊन झोपायला लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, आहे ते राखायचं असेल तर धूर बंद करा. भाऊजींनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

"लागू पडलं की औषध!" ते जेवताना खुशीत म्हणाले. "मग आता चूल बंद करायची काय गरज? शनिवारी तीन गाड्या येतायत."

गेली कित्येक वर्षं जाऊ नवऱ्याशी भांडायला लागली की तिसऱ्या शब्दाला दम लागायचा आणि ती हात हलवून गप्प व्हायची. भाऊजी चारचौघांत सांगायचे, बायको फार समजूतदार आहे. त्या रात्री तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"चूल पायजे ना? मग शनवारी तुमी बसा तिच्याम्होरं, तुमीच फुंका, तुमीच भाकऱ्या थापा आन् तुमीच खोका, मी तिथं परत पाय ठेवनार न्हाय!"

एका दमात. मधे कुठंही न थांबता.

भाऊजींचा घास हातातच राहिला. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "डॉक्टरला विचार गं, औषध जरा जास्त तर झालं नाही ना?"