गार नळीची पहिली गोळी

मंजूषा कर्णिकने हरीण मरताना पहिल्यांदा पाहिलं ते टिलबर्गहून घरी परतताना, आपल्याच गाडीच्या पुढ्यात. गाडी नवरा, सारंग, चालवत होता. झाडीतून एक मादी सरळ बॉनेटवर आदळली, उडून पलीकडे पडली आणि लगेच उठायला लागली. तिचे पुढचे दोन्ही पाय मोडून उलटे वळले होते. त्या खुंटांवर ती उभी राहू बघायची, तोंडावर पडायची, पुन्हा उठू बघायची. आणि ओरडत होती. हरीण असं लहान मुलासारखं ओरडतं, हे मंजूषाला ठाऊक नव्हतं.

सारंगने पोलिसांना फोन लावला. माणूस पाठवतो, असं उत्तर मिळालं. तो येईपर्यंत दोघं कडेला उभी होती. मंजूषाने डिकीतून लोखंडी पाना काढला, हरणाच्या डोक्यावर उगारला, आणि तसाच खाली घेतला. पुन्हा उगारला. पुन्हा तेच.

शेवटी टोन आला. सत्तरीचा, एका पायाने लंगडणारा शेतकरी. त्या भागातल्या हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा परवाना असलेल्या शिकाऱ्यांचा तो म्होरक्या. त्याने शांतपणे रायफल मादीच्या डोक्याला टेकवली. आवाज झाला आणि मादी गप्प झाली.

"याने मारणार होतीस?" मंजूषाच्या हातातल्या पान्याकडे बघत त्याने विचारलं.

"जमलं नाही."

"बरं झालं. अजून ओरडली असती."

ते वाक्य मंजूषाच्या मनातून जाईना. ती आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात मोजमापाचं काम करायची. केसाच्या हजाराव्या भागाचा फरक पकडणं हा तिचा रोजचा धंदा; आणि एक हरीण तिच्यासमोर तडफडत होतं तेव्हा तिला काही करता आलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात तिने शिकारीच्या परवान्याचा अभ्यासक्रम घेतला. परीक्षा दिली, पोलिसांनी घरी येऊन बंदूक ठेवायची तिजोरी तपासली, मनःस्वास्थ्याच्या प्रश्नांचीही उत्तरं झाली.

"ठाण्याला आईने विचारलं तर काय सांगू?" सारंग म्हणाला. "सूनबाई काय करतात? काही नाही, बंदूक पुसतात!"

"सांग, तुमच्या मुलापेक्षा नेम बरा आहे."

"चेष्टा नाही गं. रविवारी मटण चापणारा माणूस मी, मला बोलायचा हक्क नाही, कळतंय. पण तू? मेलेलं झुरळ मला उचलायला लावतेस."

"मेलेलं उचलवत नाही. तडफडणारं बघवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सारंग."

एवढंच तिने ठरवलं होतं: आपल्या हातून जे मरेल ते उभ्या जागी मरेल. त्याला कळायच्या आत. ते जमणार नसेल तर परवाना परत करायचा.

मग रायफल घ्यायची वेळ आली. सोबत टोन आला; त्याच्याच शिकाऱ्यांत ती सामील होणार होती. दुकानदाराने दोन समोर ठेवल्या. एक जर्मन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, जाड नळी, आणि काडतूस चढवायचा बोल्ट असा की बोटाने ढकलला तर लोण्यातून सुरी जावी तसा सरकायचा. दुसरी तिच्या पावपट किमतीची. प्लास्टिकचा काळा दस्ता, बारीक नळी, बोल्ट मागे ओढताना खरखर.

"जर्मन घे," टोन म्हणाला.

"का?"

"जर्मन आहे म्हणून."

"हे कारण झालं?"

"माझ्या बापाला पुरलं."

मंजूषाला अशी कारणं पुरत नसत. तिने दोन्ही रायफली दुकानामागच्या नेमबाजीच्या गाळ्यात नेल्या, वाळूच्या पिशव्यांवर नीट बसवल्या आणि शंभर मीटरवरच्या कागदावर झाडल्या. कारखान्यातल्या सवयीप्रमाणे प्रत्येक खेपेची पहिली गोळी तिने हिशेबात धरली नाही. यंत्र सुरू केल्यावर पहिलं माप कधी घेत नाहीत. ते आधी तापू द्यायचं, स्थिरावू द्यायचं, मग जे दिसेल ते खरं. हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं. म्हणून पहिली गोळी बाजूच्या रद्दी कागदात, बाकीच्या खऱ्या कागदावर. खऱ्या कागदांवर दोन्ही रायफलींची भोकं सारखीच जवळ जवळ पडली. एक नाणं ठेवलं तर सगळी झाकली जावीत.

तिने स्वस्त रायफल घेतली, तिच्यावर चांगली दुर्बीण चढवली आणि पुन्हा तशाच झाडलेल्या खऱ्या कागदांवरून नेम जुळवला.

"प्लास्टिक!" टोन दस्त्यावर टिचकी मारत म्हणाला. "याचे जेवणाचे डबे करतात."

"कागद बघ, टोन."

"कागद मी खात नाही."

मे महिन्यात नर मारायला परवानगी मिळाली. एका पहाटे मंजूषा मचाणावर जाऊन बसली. समोर राईचं शेत, पलीकडे पाइनची झाडी. टोन झाडीमागे त्याच्या गाडीत, सोबत रक्ताचा माग काढणारा त्याचा तांबूस कुत्रा, बोस.

उजाडताच एक तरुण नर शेताच्या कडेला आला. तिरका उभा, मान अर्धी खाली, डावीकडे खांद्याला लागून, तोंडाने पालवी तोडत. दुर्बिणीतली काळी फुली मंजूषाने खांद्यामागे ठेवली. श्वास सोडला. हात स्थिर होते, छाती स्थिर होती. तिने घोडा दाबला.

नर जागेवर कोसळायला हवा होता. तो ताडकन उभा उसळला, डोकं वेड्यासारखं झटकलं आणि झाडीत घुसला. त्या झटक्यात मंजूषाला दिसलं, की त्याच्या तोंडाखाली काहीतरी लोंबतंय.

तिने दुसरं काडतूस चढवेपर्यंत शेत रिकामं झालं होतं.

ती खाली उतरली. नर उभा होता तिथे पालवीवर रक्ताचे मोजके शिंतोडे होते, चिकट लाळेची तार होती आणि हाडाचा एक तुकडा होता. त्यावर तीन दात, रांगेने, पांढरेशुभ्र.

टोन लंगडत आला. त्याने तो तुकडा उचलून तळहातावर घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"जबडा."

"खांद्यावर धरलं होतं मी."

"जबड्याला लागलंय. याने तो आज मरणार नाही. उद्याही नाही. खाता येणार नाही, पिता येणार नाही. आठवडाभर हिंडेल, माश्या बसतील, आणि मग मरेल." त्याने कुत्र्याचा पट्टा धरला. "चल."

बोसने नाक खाली घातलं. माग झाडीतून गेला, काटेरी झुडपांतून गेला. रक्त फारसं नव्हतंच. इथे एक थेंब, तिथे एका फांदीवर लाळ. एका ओंडक्यावर जिभेचा तुकडा चिकटलेला सापडला.  मंजूषा तो ओलांडून चालत राहिली. पुढे झाडी संपून सायकलींचा रस्ता लागला. काळ्या डांबरावर लाल ठिपक्यांची तिरपी ओळ होती, आणि तिच्याशेजारी एक बाई सायकल धरून उभी होती.

"माझ्या पुढून गेलं ते!" ती ओरडली. "त्याला तोंडच नव्हतं! तुम्ही केलंत ना? खुनी! खुनी आहात तुम्ही!"

टोनने मान खाली घातली. मंजूषा थांबली. "हो," ती म्हणाली, "मी केलं. कुठल्या बाजूला गेलं?"

बाईने हात केला तो कालव्याकडे.

तिथे टोनने पट्टा सोडला. बोस सुटला आणि थोड्याच वेळात त्याचं भुंकणं एका जागी अडकलं. दोघं पोचली तेव्हा नर एका खोल चरात, पोटापर्यंत पाण्यात उभा होता. खालचा जबडा कातडीच्या एका पट्टीने लोंबत होता. श्वासागणिक त्यातून लाल फेस यायचा. कुत्रा त्याच्या मानेवर झेपावायचा, तो शिंगांनी त्याला उडवायचा. बोसचा कान फाटला होता.

मंजूषाने रायफल खांद्याला लावली.

"नको!" टोन ओरडला. "कुत्रा मध्ये आहे. आणि मागे घरं." त्याने कमरेचा सुरा काढला, चराची घसरडी कड बघितली, आपला पाय बघितला. मग मूठ पुढे करून सुरा तिच्याकडे धरला. "मला उतरता येणार नाही. तू पुस्तकात वाचलंयस कुठे घालायचा ते."

ती उतरली. पाणी बर्फासारखं होतं. नराने तिला पाहिलं आणि तिच्यावरच आला. शिंगाचं टोक तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसून मनगटापर्यंत ओरखडत गेलं. तिने तेच शिंग पकडलं, दुसऱ्या बाजूने बोसने मानेचा चावा घेतला, आणि तिघं मिळून चिखलात आडवी झाली. नराचे खूर तिच्या मांड्यांवर, पोटावर आपटत होते. त्याचा फेसाळ, गरम श्वास तिच्या तोंडावर येत होता. तिने गुडघा त्याच्या बरगड्यांवर दाबला, त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरामागची मऊ जागा चाचपली आणि सुरा घातला. तो हाडाला लागून घसरला. तिने बाहेर काढून पुन्हा घातला, सगळ्या वजनानिशी, मुठीपर्यंत. नराचं अंग कमानीसारखं ताठ झालं. मग एक लांब थरथर, आणि सगळं सैल.

बोसला त्याच्या मानेवरून ओढून काढावं लागलं.

दोघांनी नर वर आणला. टोनने ओकची एक डहाळी तोडली. मेलेल्या हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी ठेवायची, हा तिथल्या शिकाऱ्यांचा रिवाज. त्याने ती दातांत ठेवली. ती खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. धरायला खाली काही नव्हतंच. मग मंजूषा गवतात बसली, रक्ताळलेल्या हाताने तिने तो लोंबता जबडा उचलून जागेवर दाबून धरला, आणि टोनने डहाळी ठेवली. टोपी काढून तो जेवढा वेळ उभा राहिला तेवढा वेळ तिने तो तसाच धरून ठेवला.

दुसरी डहाळी जखमेच्या रक्तात बुडवून मारणाऱ्याला द्यायची असते. टोनने ती पुढे केली. मंजूषाने ती बोसच्या पट्ट्यात खोचली.

टोनच्या अंगणातल्या नळाखाली ती हात धूत होती तेव्हा तो म्हणाला, "तुझा दोष नाही. सांगितलं होतं मी. स्वस्त बंदूक ती स्वस्तच."

ते मान्य करायला फार सोपं होतं. पाण्याखाली धरलेला तिचा हात थांबला. रायफल खोटं बोलली नव्हती. कागदावर नेम धरावा तिथेच ती मारायची, पण तापल्यावर. आज त्या नळीतून एकच गोळी सुटली होती. गार नळीची, पहिली. मंजूषाने जी प्रत्येक वेळी रद्दीत टाकली होती ती.

"दोष माझाच आहे, टोन," ती म्हणाली आणि त्याला सगळं सांगितलं. टोनने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं.

"मीसुद्धा पहिली कधी बघितली नाही," तो म्हणाला. "माझी चुकलीच नाही कधी, म्हणून."

अंगठ्याला टाके पडले. ते सुकल्यावर मंजूषा कामाआधी गाळ्यात जायला लागली. एका सकाळी एका रायफलीची एकच गोळी, आणि परत. तिथले लोक हसायचे. दुकानाची जर्मन रायफल भाड्याने घेऊन तिच्याशीही तेच केलं. स्वस्त रायफलीची गार गोळी दर वेळी चार बोटं वर आणि डावीकडे जायची, तापली की मधोमध. जर्मन रायफलीची गारही मधोमध, तापलेलीही मधोमध.

"मग सोपं आहे की," सारंग तिच्या हातात चहा देत म्हणाला. "दुर्बीण चार बोटं फिरव. कशाला उगीच खर्च?"

"आणि पहिली चुकली, लगेच दुसरी मारायची वेळ आली तर? तोवर नळी तापलेली असते. दुसरी कुठे जाईल?"

सारंग तिच्याशेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "सोडून नाही द्यायचं ना तुला हे?"

"त्या दिवशी वाटलं होतं. पण गाडीखाली येणारं हरीण मी परवाना परत केला म्हणून यायचं थांबणार नाही."

शनिवारी तिने जर्मन रायफल घेतली. दुकानदार खूश झाला. "जुनीसुद्धा लगेच विकून देतो. नव्यासारखी आहे."

"घेणाऱ्याला सांगाल? गार गोळी चार बोटं वर, डावीकडे?"

"अहो बाई, असं सांगून कोणी विकतं का? त्याचा तो जुळवेल नेम."

"मीही जुळवला होता."

दुकानदार हसला. मंजूषा हसली नाही. तिने टेबलावरची काळी रायफल त्याच्याकडे सरकवली. "मग ही विकायची नाही. काय कागद लागतील ते करा आणि कापून टाका."

"चांगली रायफल आहे!"

"हो. कापा."

मागच्या खोलीत कारागिराने नळी शिकंज्यात आवळली आणि कापायचं चाक सुरू केलं. ठिणग्यांचा फवारा भिंतीवर आदळायला लागला, लोखंड किंचाळलं. दुकानदाराने कान झाकले. मंजूषा दारात उभी राहून नळीचे दोन तुकडे होईपर्यंत बघत राहिली.