भर बाजारात अण्णांच्या तोंडाची बोली

"मी काय बैल हाय व्हय बाई, भर बाजारात माझे दात बघायला?"

आमचे अण्णा ओरडले. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, आळंदच्या बैलबाजारातले नामांकित दलाल. त्यांचा आवाज असा, की ते इकडं ओरडले की तिकडं अक्कलकोटच्या म्हशी दूध चोरायच्या. ज्यांच्यावर ओरडले त्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मात्र लिंबाखाली टेबल मांडून, हातातली बॅटरी लागते का ते बघत बसल्या होत्या.

ऐंशीनंतरची गोष्ट. दुखणं वाढायच्या आत तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं तपासायची, आणि तीही दवाखान्यात वाट बघत न बसता बाजाराच्या दिवशी बाजारातच, असं सरकारात कुणीतरी ठरवलं होतं. कुणी ठरवलं ते मला आजतागायत ठाऊक नाही. तो माणूस सापडला तर मी त्याला खांद्यावर बसवून आळंदपासून गुलबर्ग्यापर्यंत मिरवत नेईन. आता माझं वय बघता अर्ध्या वाटेत त्यालाच मला उचलून घ्यावं लागेल, पण सुरुवात मी करीन.

अण्णांच्या डाव्या गालात तंबाखूचा बार कायमचा मुक्कामाला. आणि जेवायला ठेचा असा, की त्या वासानं कोंबडी शिंकायची. कुणाला खोटं वाटेल, पण कोंबडी आमचीच होती. असा माणूस त्या उन्हाळ्यात ठेचा बाजूला सारून भाकरी ताकात कुस्करून खायला लागला.

"कामून वं, तिखट खाईनासा?" काकू विचारायची.

"पित्त झालंय."

काकूला ते पित्त पटत नव्हतं. तिचा बाप असाच आधी ताकावर आला होता. गालातल्या फोडाला पित्त म्हणत राहिला, आणि दवाखान्यात नेला तेव्हा पाणीसुद्धा उतरत नव्हतं. म्हणून त्या दिवशी बांगड्या भरायच्या निमित्तानं ती बाजारात आली आणि नवऱ्याला धरून त्या लिंबाखाली घेऊन गेली.

आता अण्णा इतके का उसळले, ते कळायला आमच्या बाजाराचा कायदा कळला पाहिजे. बैलाचं तोंड उघडून दात बघितले, की बघणाऱ्यानं बोली केलीच पाहिजे. न बोलता निघून गेला, तर त्या जनावरात खोड आहे असं सगळा बाजार समजतो, आणि मग ते फुकट दिलं तरी कुणी दावणीला बांधत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांच्या खोडी काढणारे अण्णा. त्यांचं तोंड चारचौघांत उघडून बघायचं आणि बाईंनी नुसती मान हलवायची, म्हणजे अण्णांचा बाजार उठलाच की!

त्यात करजगीचा एक शेतकरी चेकाळला. "अण्णा, आमच्या बैलाच्या तोंडात कोपरापस्तोर हात घालतासा, आता कामून लाजायलाव?"

अण्णा त्याच्याकडं वळणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "तोंड मागून उघडा. आदी बोली करू. आना हात हिकडं."

आणि तिनं पदर पुढं केला.

आमच्याकडं बैलाचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून होतो, पण तो गड्यांचा. बाईनं, तेही पदराखाली, तेही नवऱ्याशी सौदा करायचा हे आळंदनं कधी बघितलं नव्हतं. माणसं तर सोडाच, बैलांनी रवंथ थांबवला. पदर हलला. अण्णा आधी चिडले, मग हसले, मग त्यांनी काकूच्या तोंडाकडं बघितलं आणि बघतच राहिले. जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता त्यांनी मान डोलावली. लिंबाच्या बुडाला बार थुंकला, खळखळून चूळ भरली, स्टुलावर बसले आणि असा आ केला की बाईंना बॅटरीची गरजच उरली नाही. ऊन थेट पडजिभेपर्यंत गेलं.

बाईंनी गालाच्या आत बोट फिरवलं. "पांढरा चट्टा आहे. झोंबतो?"

"तिखट लागलं की."

"गुलबर्ग्याला जाऊन काढून घ्या. आत्ता चट्टाच निघेल. उशीर केलात तर गाल काढावा लागेल."

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्यालाही ऐकू जाईल न जाईल असा आला. "म्हंजे खोड हाय म्हना की."

"आहे. पण वेळेत सापडली."

मग कुणी न सांगता काकू स्टुलावर बसली. तिचं तोंड स्वच्छ निघालं. घरी आल्यावर तिनं मिसरीची डबी चुलीत टाकली. पोरपणापासून घासत आली होती. तिच्या मागोमाग अण्णांनीही तंबाखूची डबी टाकली. पदराखाली काय ठरलं होतं ते तेव्हा कळलं: तोंडाला तोंड, डबीला डबी. त्या धुरानं अर्धी आळी खोकली.

गुलबर्ग्याला आधी एक तुकडा काढून तपासला, मग सगळा चट्टाच काढला. कॅन्सर दारात येऊन उभा होता, आत शिरला नव्हता. काही महिन्यांनी कोंबडी पुन्हा शिंकली, तेव्हा काकूनं पदरानं डोळे पुसले आणि ठेचा झोंबला म्हणाली. ठेचा अण्णांच्या ताटात होता.

पुढं अण्णांनी बाजारात आपला कायदा आणला. बैल विकायला आणणाऱ्याला आधी लिंबाखाली पाठवायचे. "जा, आ करून ये. मालकाचं बघितल्याबिगर मी बैलाचं बघत न्हाई." माणसं शिव्या देत जायची, पण जायची. त्यातले दोघं-तिघं पुढं गुलबर्ग्याला जाऊन आले आणि शिव्या द्यायचे थांबले.

अण्णांच्या मनातून मात्र बाईंचे उपकार जाईनात. एका बाजाराला शिंगं रंगवलेला, झूल पांघरलेला गोऱ्हा घेऊन, पुढं हलगी लावून, ते वाजतगाजत लिंबाखाली गेले. तुमच्यामुळं मी जेवायलोय, तुमच्यामुळं माझ्या बायकूचं कुकू हाय, असं भाषण केलं. ते इतकं लांबलं की मी लिंबावर नवी पालवी फुटताना बघितली. हलगीवाल्याचे हात दुखून आले. काकू पदर तोंडाला लावून उभी होती. गोऱ्हा खाली बसला.

अखेर अण्णा दम घ्यायला थांबले. बाईंनी बॅटरी लावली आणि म्हणाल्या, "बोलून झालं असेल तर आ करा."